भुरेभाऊंचा वखर

गेल्या महिन्यात तुमसर रोड स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसले होते, तर बाजूच्या लाइनीवर एक अजस्र पिवळं यंत्र येऊन उभं राहिलं. रुळांखालची गिट्टी उपसायची, चाळायची, माती बाजूला फेकायची आणि स्वच्छ गिट्टी पुन्हा रुळांखाली घालायची, हे सगळं ते एकटंच करतं म्हणे. लोकांनी पटापट मोबाइल काढले. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "काय मशीन आहे ना!" मी म्हटलं, "बरं आहे." तिला ते फारच कमी वाटलं असणार, कारण तिने माझ्याकडे पाठ केली. पण मी तरी काय करू? रूळ साफ करणारं यंत्र मी त्याआधी पाहिलेलं होतं. राइस मिलच्या भंगारातल्या पुल्या, वखराचं पातं आणि सायकलचं हँडल एवढ्यातून ते बनलं होतं. बनवणारा माणूसही मी अकरा वर्षं रोज दोनदा पाहिला. त्या माणसानंतर मला कुठल्या यंत्राचं फार कौतुक वाटत नाही, त्याला माझा इलाज नाही.

सुखदेव भुरे. माझ्या शाळेच्या रस्त्यावरचे फाटकवाले. तुमसरकडून आत जाणारी ती लाइन, दिवसातून मोजक्या पॅसेंजर आणि बाकी मालगाड्या. मी तुमसरहून स्कूटीने यायची आणि शाळा नेमकी रुळांच्या पलीकडे. पहिल्याच आठवड्यात आमचं भांडण झालं. भांडण म्हणजे मी भांडले, ते नुसते उभे होते. फाटक बंद, शाळेची घंटा पलीकडून ऐकू येत होती आणि रूळ दोन्ही बाजूंना मोकळे, कुत्रंसुद्धा नाही.

"काहून हो भाऊ, गाडी कुठं दिसून तरी राहिली का?" मी ओरडले.

"गाडी दिसली म्हंजे उशीर झाला समजा, मॅडम," ते म्हणाले आणि हिरवी झेंडी काखेत धरून शांतपणे लाइनीकडे पाहत राहिले.

मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फाटकाच्या बाजूच्या माठातलं पाणी तांब्यात आणून दिलं. मी प्यायले. पाणी पिऊन भांडण चालू ठेवायचं म्हणजे फारच निर्लज्ज व्हावं लागतं, तेवढी मी नव्हते.

उंच, काटकुळे, कानावर पांढरे केस. आधी ते ट्रॅकमन होते. गिट्टी ठोकता ठोकता गुडघे गेले, मग फाटकावर आले. तिथे त्यांना एक सवय जडलेली. फाटकवाल्याला स्टेशनमास्तर फोनवर जे सांगतो ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवावं लागतं, ऐकण्यात चूक नको म्हणून. भुरेभाऊ ते फोन ठेवल्यावरही करत. "चहा घेणार का, भाऊ?" म्हटलं की, "चहा घेनार का. घेनार. चहा समजला." त्यांच्या बायकोने, शांताबाईने, मला एकदा सांगितलं, "पोराच्या लग्नात भटजी सावधान म्हनला, तर हे नवरदेवामागून म्हनते, 'सावधान, समजलं.' भटजी थांबूनच गेला ना!" शांताबाई हे सांगताना डोळ्यांतून पाणी येईस्तो हसायच्या आणि भुरेभाऊ गंभीरपणे म्हणायचे, "थांबला होता. बराबर आहे."

त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. पुनर्वसनात प्लॉट मिळाला, त्यावर घर बांधलं, पण मन लागलं नाही. घर भाड्याने दिलं आणि नवराबायको फाटकाजवळच्या रेल्वेच्या खोलीत येऊन राहिली. खोलीच्या दारातून समोर बोडी दिसायची, आमच्याकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात, आणि बोडीच्या खाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. गावातून त्यांनी येताना बापाचा वखर तेवढा आणला होता. बैल विकले, त्यांची बंडी विकली, वखर नाही विकला. रेल्वेच्या भिंतीला टेकून वखर उभा, हे दृश्य मी दुसरीकडे कुठेच पाहिलेलं नाही.

"इथून गावासारखंच दिसते, मॅडम," ते एकदा म्हणाले. "बोडी बी तशीच, धान बी तसाच. मले बाकी काही नको. रिटायर होईपावेतो इथून कोनी हटवू नये, बस्स. एकदा उठलो ना, आता दुसऱ्यांदा नाही उठवत."

दोनदा त्यांची बदली निघाली होती, दोनदा ते हातापाया पडून ती रद्द करून आले होते. फाटकावरून जाणाऱ्या सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. त्यांच्यावर चिडलेला माणूस पहिली धमकी हीच द्यायचा की, "अर्ज करून बदलीच करतो तुमची!"

आणि चिडायचे सगळे. कारण चिखल. फाटकात रस्ता रुळांवरून जातो तिथे प्रत्येक रुळाच्या आतल्या बाजूला तीनेक बोटं रुंदीची खाच ठेवलेली असते. गाडीच्या चाकाला आतून जी कड असते ती त्या खाचेतून जाते. खाच माती-दगडांनी ठासून भरली आणि वाळली तर चाक वर उचललं जाऊ शकतं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर चिखलणीची लोखंडी चाकं लावून या बांधीतून त्या बांधीत जायचे, मध्ये फाटक, आणि जाताना अर्धी बांधी फाटकात झाडून जायचे. भुरेभाऊ हातात आकड्याची सळई घेऊन उकिडवे बसत आणि दर गाडीआधी खाच कोरून काढत. उठताना दोन्ही हात मांड्यांवर दाबून, दात आवळून उठत. ते बघवायचं नाही.

पण चिखलाची त्यांना पारख होती, ती मात्र बघण्यासारखी. चिमूटभर बोटावर घेत, चोळत, आणि सांगत, "ही कन्हार. वाळली की सिमेंट. सळई वाकते, कन्हार नाही निघत." किंवा, "हे मोरंड. हे बिचारं हातानं निघते." एकदा राजू नावाचा ट्रॅक्टरवाला शपथा घेत होता की मी लोखंडी चाकं काढूनच फाटक ओलांडलं, चिखल दुसऱ्याचा. भुरेभाऊंनी खाचेतला गोळा उचलला, त्याच्या नाकाखाली धरला.

"बोडीखालची तुझी तिसरी बांधी. शेवाळाचा वास येऊन राहिला. बाकी कोनाच्या बांधीत एवढं पानी थांबते, सांग?"

राजू म्हणाला, "तुमाले काय करायचं आहे माझ्या बांधीचं? बदली करीन!" आणि गेला. भुरेभाऊंनी तो गोळा काही फेकला नाही, आपल्या दोडक्याच्या आळ्यात घातला. म्हणाले, "चिखलाची काय गलती आहे, मॅडम. मस्त माती आहे. फक्त जागा चुकली."

एका रोवणीत गुडघ्यांनी अगदीच जवाब दिला आणि भुरेभाऊंनी यंत्र करायला घेतलं. तुमसरच्या राइस मिलच्या भंगारातून चार पुल्या आणल्या, त्यांची खोबण रुळावर बरोबर बसायची. दोन रुळांच्या मध्ये आडवा लोखंडी पाइप. वर सायकलचं हँडल. आणि खाली, खाचेत उतरणारं पातं. त्यासाठी त्यांनी बापाच्या वखराची पास काढली. पास म्हणजे वखराचं जमिनीत चालणारं लोखंडी पातं. लोहाराकडून तिचे दोन तुकडे केले, नांगराच्या फाळासारखे वाकवून घेतले, म्हणजे चिखल नुसता मागे सरकणार नाही, वर उचलून बाजूला पडेल. मी शांताबाईंना विचारलं, "वखर तोडला?" त्या म्हणाल्या, "तोडला. त्या रात्री जेवले नाहीत, पन तोडला."

पहिल्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम थांबवलं. स्टेशनातून विचारून घेतलं, गाडी नाही. यंत्र रुळावर ठेवलं, हँडल धरलं आणि उभ्याने, सरळ कंबरेने, चालत चालत फाटकाच्या या टोकापासून त्या टोकाला गेले. मागे दोन्ही खाचा चकाचक. कन्हारीच्या वड्या दोन्ही बाजूंना पडत गेल्या. त्यांनी वळून पाहिलं ना, त्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही. मी स्कूटी स्टँडला लावून टाळ्या वाजवल्या, शाळेला उशीर झाला तो झाला. गावात दोन दिवसांत नाव पडलं, भुऱ्याचा बिनबैलाचा वखर.

आणि त्याच आठवड्यात सिग्नल बिघडायला लागला.

काही कारण नसताना स्टेशनातल्या पॅनलवर लाल दिवा लागायचा, म्हणजे फाटकाजवळ रुळावर गाडी उभी आहे. एक मालगाडी बाहेर अडकून पडली. थोड्या वेळाने दिवा आपोआप जायचा. सिग्नलचा मेंटेनर तीनदा येऊन गेला. सगळ्या तारा तपासल्या, काही सापडेना. दोन पोरींचा बाप तो, घामाघूम झालेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा वरून त्याला कागद आलेला होता की दोष सापडत नाही म्हणजे तू कामात हयगय करतोस, खुलासा दे.

मी फाटक उघडायची वाट पाहत होते. भुरेभाऊंनी त्याला चहा दिला आणि सहज विचारलं, "हा दिवा लागते कसा, भाऊ?"

"सोपं आहे. रुळांत थोडा करंट असते. गाडीचं चाक-धुरा सगळं लोखंड. दोन्ही रूळ लोखंडानं जोडले गेले की सिग्नलले वाटते गाडी आली. आता इथं गाडी नाही, काही नाही, तर जोडून कोन राहिलं?"

भुरेभाऊंचा कप तोंडापाशीच थांबला. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोलीच्या मागे, दोडक्याच्या वेलाखाली, तो लोखंडी पाइप उभा होता. फाटकवाल्याचं सगळं आयुष्य गाडी येऊन राहिली हे लोकांना सांगण्यात गेलं, आणि आता तेच रोज सिग्नलला खोटी गाडी दाखवून राहिले होते.

मेंटेनर चहा पिऊन गेला. भुरेभाऊंनी त्याचा कप विसळून ठेवला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेत आले, डोक्यावरची टोपी हातात.

"मॅडम, अर्ज लिहून द्या. साहेबाले. गलती माझी आहे म्हनून."

आता खरं सांगते. मी म्हटलं, "कायले लिहिता? ते यंत्र बोडीत फेका. दिवा लागणं बंद होईल, सगळे विसरतील. कोणाला माहीत आहे?"

"त्या मेंटेनरच्या हातात कागद आहे ना."

"एक कागद आहे, खाईल तो. तुम्हाला इथून हटवतील, भाऊ. एवढी वर्षं त्यासाठीच धडपडलात ना?"

"हटवतील," ते म्हणाले. टोपी या हातातून त्या हातात घेतली. मग हळूच म्हणाले, "पन त्याच्या पोरींनी काय केलं?"

मी मान खाली घालून अर्ज लिहिला. मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवणारी बाई मी. लाज वाटली, अजून वाटते. अर्जाच्या शेवटी मी 'क्षमा असावी' असं लिहिलं होतं, ते त्यांनी खोडायला लावलं. म्हणाले, "क्षमा मागू नका. चूक लिहिली, बस्स झालं."

साहेब आले ते पंधरा दिवसांनी. गावातले निम्मे लोक फाटकाशी जमा झाले होते, काही तमाशा बघायला आणि काही खरंच काळजीने. मीही शाळेतून सुट्टी टाकून आले होते. शांताबाई खोलीच्या दारात पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या आणि आत बघावं तर सामान बांधून ठेवलेलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते यंत्र कुठे आहे?"

भुरेभाऊंनी मागून आणलं. आता त्यात लोखंडी पाइप नव्हता. त्या जागी जाडजूड बांबू होता, आगीवर भाजून, तेल पाजून कडक केलेला. दोन्ही रूळ कुठेच लोखंडाने जोडले जात नव्हते.

"बांबूतून करंट जात नाही, साहेब. अर्ज दिल्यावर केलं. रुळावर ठेवलं मात्र नाही. परवानगी नव्हती."

साहेबांनी स्टेशनात फोन केला, आणि मग काय सांगू, आपल्या चकचकीत बुटांनी चिखलात उतरून त्यांनी स्वतः ते हँडल धरलं. या टोकापासून त्या टोकाला. खाच स्वच्छ. स्टेशनातून निरोप आला, दिवा नाही लागला. गर्दीतून राजूनेच पहिली शिट्टी मारली.

"डोकं आहे तुमच्यात," साहेब म्हणाले. "मेंटेनरचा कागद मी मागे घ्यायला सांगतो. तुम्हाला फक्त ताकीद. पण हे इथे वापरता येणार नाही. उद्या रुळावर विसरलं तर?"

"मी नाही विसरनार, साहेब."

"तुम्ही नाही. तुमच्यानंतर येणारा विसरेल." मग म्हणाले, "असं करा. तुम्ही नागपूरला या. डेपोत. आमच्या माणसांना घेऊन हे नीट बनवा, तपासून घेऊ, मंजूर झालं तर सगळ्या फाटकांवर जाईल. तुमची बदली मी आजच करतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मग माझं लक्ष भुरेभाऊंकडे गेलं आणि हात थांबले. ते पांढरेफटक पडले होते. शिक्षा म्हणून नाही, तर बक्षीस म्हणून त्यांना उठवत होते. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, बांबूवरून हात फिरवला, पात्याला लागलेला चिखल बोटाने पुसला.

"साहेब, हे घेऊन जा. पाहून पाहून बनवतील तुमची मानसं, कठीन नाही. पन मले इथंच राहू द्या."

"अहो, तुमचं नाव होईल."

"नाव नको. इथंच राहू द्या."

साहेबांना ते काही समजलं नाही, पण माणूस चांगला होता. यंत्र जीपमध्ये घालून घेऊन गेले. नंतर त्याचं काय झालं ते कोणालाच कळलं नाही. भुरेभाऊंनी कधी विचारलंही नाही. जीप गेल्यावर शांताबाईंनी सामानाची गाठोडी सोडली आणि भुरेभाऊंनी कोपऱ्यातली सळई उचलली, कारण दुपारची पॅसेंजर यायची होती.

मग पुन्हा तेच, उकिडवं बसणं आणि मांड्या दाबून उठणं. पण त्या वर्षी एक गोष्ट झाली. रोवणीच्या बाया दुपारनंतर फाटकावरून घरी परतायच्या, गुडघ्यापर्यंत चिखल, दिवसभर वाकून वाकून कंबरा मोडलेल्या. त्यांच्यातली पार्वता एक दिवस थांबली, पदर खोचला आणि खाचेतला चिखल हातानेच उपसायला बसली.

"ए बाई, ऊठ! नियमात नाही बसत हे!" भुरेभाऊ धावले.

"तुमचा गुडघा तरी कुठं बसते, भाऊ? दिवसभर लोकाच्या बांधीत वाकतो, इथं वीतभर वाकलं तर काय मरतो का?"

तिच्या मागे दुसरी बसली, मग तिसरी. एकेकीने वीत-वीत खाच काढली, हसत, एकमेकींच्या नवऱ्यांच्या नावाने टोमणे मारत. भुरेभाऊ नियम मोडू देणारे नव्हते आणि त्या उठणाऱ्या नव्हत्या. शेवटी त्यांनी स्टेशनात फोन करून गाडी नाही हे विचारून घेतलं, लाल झेंडी घेऊन रुळात उभे राहिले आणि म्हणाले, "दोन मिनिटं. दोन मिनिटं समजलं." त्या दिवसापासून रोवणी संपेपर्यंत रोज हेच चाललं. पुढच्या वर्षीही आणि त्याच्या पुढच्याही. राजू मात्र सुधारला नाही, तो लोखंडी चाकांनीच जायचा.

माझी बदली साकोलीकडे झाली. निघायच्या दिवशी शांताबाईंनी दोडके दिले. पुढे कळलं की भुरेभाऊ त्याच फाटकावरून रिटायर झाले, त्यांना हवं होतं तसं. मला बरं वाटलं. त्यानंतर वर्षभरात फाटकच गेलं. रूळ वर राहिले, रस्ता खालून काढला, फाटकवाल्याची खोलीही पाडली. भुरेभाऊंचा मुलगा साकोलीला मोबाइलचं दुकान चालवतो. तो एकदा भेटला तेव्हा म्हणाला, "किती बलावतो, पन बाबा येत नाहीत. आईले घेऊन फाटकाजवळच्या गावातच भाड्याच्या खोलीत बसले आहेत."

मागच्या श्रावणात जुन्या शाळेतल्या एका बाईंकडे गेले होते. परत येताना पाऊस, आणि रुळांखालच्या त्या रस्त्यात पाणी साचलेलं. पाणी गढूळ, खोली कळेना. वाटलं, निघेल स्कूटी. उतारावर उतरले तेवढ्यात समोर एक हात वर झाला. मी ब्रेक दाबला. विचार करून नाही, आपोआप.

भुरेभाऊ होते. धोतर मांडीपर्यंत खोचलेलं, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. मला ओळखून हसले, पण हात खाली नाही घेतला. "थांबा, मॅडम," म्हणाले आणि पाण्यात उतरले. आधी पोटऱ्या, मग गुडघे, मग मांड्या. मध्यावर कमरेपर्यंत बुडाले तेव्हा वळले. "परत फिरा. गाडी जात नाही. मोठ्या रस्त्यानं जा, फेरा पडला तरी."

ते बाहेर आले, धोतर पिळलं. वरून मालगाडी गेली. त्यांच्या मागे बोडी भरलेली होती आणि बांध्यांत बाया रोवत होत्या.

"रोज येता इथं?" मी विचारलं.

"पावसाळ्याचं येतो. मागच्या वर्षी एक पोरगी बुडता बुडता राहिली."

"भाऊ, अहो पोरगा बोलावतो तर जा ना त्याच्याकडे. या वयात, या पाण्यात! तुम्हाला इथं ठेवलं तरी कोणी?"

"ठेवलं कोनीच नाही," ते म्हणाले. पोत्याची खोळ सरळ केली आणि इतकं मनापासून हसले की मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "म्हनूनच तर, मॅडम. आता मले इथून हटवनार कोन?"

माझ्यामागे एक मोटारसायकल येऊन हॉर्न वाजवू लागली. भुरेभाऊंनी तिला हात दाखवला आणि पुन्हा पाण्यात उतरले.